अंगठ्यांवर उभा नाका

माळावरची वस्ती, ता. माजलगाव
१९ मार्च २०१३

आप्पा,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन लावला की वाजून वाजून बंद पडतो. तेव्हा हे पत्र रजिस्टर पोस्टानं, मजूर संस्थेच्या पत्त्यावर, 'चेअरमन' असं लिहून पाठवते आहे. बहिणीचं पत्र तू न वाचता फेकशील, पण चेअरमनच्या नावाचं सही करून घ्यावंच लागेल.

काल तुझ्या टोलनाक्यावरचा एक पोरगा मोटारसायकलवर आला आणि माझ्या हातात नोटीस ठेवून गेला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही. नोटिशीत लिहिलंय की साखराबाई ही बाई स्वतःच्या शेतात बांबू आडवा टाकून बेकायदा वसुली करते, आणि तो काढला नाही तर पोलिसात तक्रार होईल. खाली तुझी सही. शाळेत गुरुजींनी काही विचारलं की माझ्या परकराआड लपणारा तू, सही मात्र ऐटीत करायला शिकलास.

माझी वसुली काय आहे ते ऐक, कारण इकडं तू फिरकत नाहीस. तुझा नाका सुरू झाला आणि टोल चुकवणाऱ्या गाड्या आमच्या शेतातून जायला लागल्या. पाऊस नाही, पीक नाही, सगळं रान उघडं पडलेलं, त्यात ओढ्याच्या कडेनं त्यांनी वाटच पाडली. भाकरी दाताखाली कचकच वाजायची एवढी धूळ. तुझे दाजी काठी घेऊन धावले, तर ड्रायव्हर शिव्या देऊन पुढं गेले. मग मी डोकं चालवलं. आपण कुणाच्या रानात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत त्याला मिळतं आणि धान्य आपल्याला, हे तूही लहानपणापासून बघत आलास. ज्याच्या जमिनीवर पाय ठेवायचा त्याच्याशी देणंघेणं ठेवायचं, एवढंच आपल्या लोकांना ठाऊक आहे. मी वाटेवर बांबू टाकला आणि शेजारचा मेंढरांचा हौद दाखवला. धरणातलं पाणी गावोगाव पोचवून टँकर परत येतात तेव्हा तळाशी थोडं उरलेलं असतं, ते रस्त्यावर गळत जातं. ते हौदात सोडा आणि जा. भरलेला टँकर मी कधी अडवला नाही, कारण ते पाणी कुठल्यातरी गावाचं आहे. चाऱ्याच्या ट्रकनं उसाच्या वाढ्यांची एक पेंडी टाकायची. ही माझी वसुली.

आजवर एकानंही माझ्याशी भांडण केलेलं नाही. स्वतः उतरून बांबू उचलतात, हौदातल्या पाण्यानं तोंड धुतात. "मावशे, आज लई कमी निघालं बघ, उद्या भरून देतो," असं सांगतात आणि दुसऱ्या दिवशी खरंच देतात. तुझ्या नाक्यावर मात्र रोज काचा फुटतात आणि तुझी पोरं दांडकी घेऊन उभी असतात. रस्ता चांगला झालाय, हे कुणी नाकारत नाही. नव्या पुलावरून गाडी जाते तेव्हा बसलेल्या बाईच्या पोटातलं पाणी हलत नाही. मग लोक तुलाच का शिव्या घालतात? एकदा बीडच्या बंगल्यात पंखा बंद करून बस आणि विचार कर.

उद्घाटनाला तूच माइकवरून सांगितलंस ना, की ठेकेदाराला ठरलेली रक्कम देऊ आणि वर उरेल ते आपल्या मजूर संस्थेचं, म्हणजे तुमचं सगळ्यांचं? नाक्यावर कामं सभासदांच्या घरातच देऊ म्हणालास. नाक्याला नळ लावू, झाडं लावू म्हणालास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर सगळ्यात जोरात वाजवल्या.

त्या कामांपैकी एक काम वस्तीवरच्या आपल्या सटवाला दिलंस, आणि महिना भरायच्या आत काढलंस. त्याचा गुन्हा काय? माहेरवाशिणीकडून पैसे घेणं त्याला जमेना. गाडीत माहेरी निघालेली बाई दिसली की तो दांडी वर करायचा आणि वर "जा माय, सुखानं जा" म्हणायचा. मग काय, ड्रायव्हरांना हे कळलं आणि प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये एक माहेरवाशीण दिसायला लागली. भाजी विकणारी छबुबाई, जिच्या माहेरी आता कुत्रंसुद्धा उरलेलं नाही, ती दिवसातून तीनतीनदा माहेरी जायला लागली. आम्ही हसून हसून लोळलो. तुला हसू आलं नाही. सटवाला नुसतं समजावलं असतंस तरी भागलं असतं. तू त्याला चारचौघांत गाढव म्हणालास आणि बाहेरची पोरं आणलीस, कारण इथली माणसं ओळखीच्या गाड्या सोडतात. अरे, ओळख होती म्हणूनच तेव्हा काचा शाबूत होत्या.

शेवटचं सांगते. चारा छावणीत गाईबैलांना जागा आहे, मेंढरांना नाही. आमच्या वस्तीवरची सगळी मेंढरं या एका हौदावर जगली आहेत. हौद कोरडा पडला तर कळप खाटकाच्या गाडीत घालावा लागेल, आणि दाजींना दुसरं काही येत नाही. माझ्या बांबूला हात लावू नकोस.

साखरा


माळावरची वस्ती
७ एप्रिल २०१३

आप्पा,

तुला माणूस म्हणायचीही लाज वाटते आहे.

होळीआधीच्या एकादशीला सगळी वस्ती नारायणगडाला जाते, हे तुला ठाऊक. तू स्वतः माझ्या कडेवर बसून गेलेला आहेस. तोच दिवस तू निवडलास. आम्ही तिकडं दर्शनाच्या रांगेत, आणि इकडं तुझं पिवळं मशीन आमच्या रानात. परत आलो तर वाटेच्या तोंडाशी माणूस उभा बुडेल एवढा चर, ओढ्यापासून डांबरी रस्त्याच्या कडेकडेनं लांबवर. बांबू मोडून त्यातच टाकलेला. एवढी माती उपसताना शेत कुणाचं आहे हे तरी विचारलंस का? जमीन दाजींच्या नावावर आहे, तुझ्या संस्थेच्या नाही.

दाजी चराच्या कडेला बसले. मग म्हणाले, "तुझा भाऊ हाय म्हनून गप बसतो. दुसरा कुनी असता तर मशीनसकट गाडला असता त्याला." मला ते ऐकून वाईट वाटलं नाही, हेच मला वाईट वाटलं.

तू दाजींना फोन केलास तोही मला कळला. माझा उचलत नाहीस, पण त्यांना करतोस. "वरून दबाव हाय दाजी, माझा इलाज न्हाई," म्हणालास म्हणे. वरून म्हणजे कुठून? ठेकेदाराकडून? मग चेअरमनची पाटी त्याच्याच गाडीला लावू दे. आणि मेंढरं विकायची असतील तर चांगला भाव देणारा माणूस पाठवतो, असंही म्हणालास. ते ऐकून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेले. तू तोवर ठेवून दिला होतास.

टँकर आता येत नाहीत. हौदाच्या तळाला हिरवं शेवाळ होतं, तेही वाळून पापुद्रे निघाले. मेंढरं सवयीनं तिथंच जातात आणि कोरडी भिंत चाटतात. काल दोन कोकरं गेली. मी रडले, आणि मग एवढी चिडले की हौदावर डोकं आपटावंसं वाटलं. तीन कोस लांब एका विहिरीत पाणी आहे, तिथं दाजी पहाटे कळप नेतात आणि उन्हात परत आणतात. मेंढरं अशी किती दिवस चालतील?

आणि एक लक्षात ठेव. संस्था काढताना सभासद कमी पडत होते तेव्हा तू माझ्याच दारात आला होतास. "आक्का, बायांची नावं दे, बाया काय सभेला येत न्हाईत, त्रास न्हाई," असं म्हणून हसला होतास. माहेर-सासर दोन्ही गावच्या बायकांचे अंगठे मी घरोघर फिरून आणून दिले. आई, चुलत्या, जावा, नणंदा, मी. ज्या संस्थेनं हा चर खणला तिची मी सभासद आहे. म्हणजे माझ्याच नावावर माझं रान उकरलंस.

साखरा


माळावरची वस्ती
१७ एप्रिल २०१३

आप्पा,

गेल्या गुरुवारी पाडवा होता. आईला पाडवा माझ्याकडं करायचा होता, हे तुला सांगून ती निघाली, आणि तू तिला स्वतःच्या गाडीतून सोडायच्या ऐवजी काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसवून दिलंस. कामात असशील. चेअरमन माणूस.

पुढं काय झालं हे तुला तुझ्या पोरांनी सांगितलं नसणार. मी सांगते.

नाक्यावर जीप थांबली. टोलचे पैसे सगळ्या बसलेल्यांनी वाटून द्यायचे, असा जीपवाल्यांचा रिवाज पडलाय. आईनं द्यायला नकार दिला. पैसे होते तिच्याकडं, कमरेच्या पिशवीत होते. ती म्हणाली, "मी सभासद हाय. ह्यो नाका माझ्या अंगठ्यावर हुभा हाय. माझ्या अंगठ्याचं मलाच पैशे?" तुझी पोरं हसली. एकानं विचारलं, "म्हातारे, नाव काय तुझं?" ती म्हणाली, "बायडाबाई." "मग बायडाबाई, एवढी मोठी मालकीन हायस, तर उतर आनि चालत जा," असं म्हणून त्यानं जीपचं दार उघडलं. बाकीचे बसलेले गप्प राहिले, कारण उशीर सगळ्यांनाच होत होता.

आणि आई उतरली. तुझं नाव तिनं सांगितलं नाही. आप्पाराव माझा लेक, एवढं म्हणाली असती तर पोरांनी पाया पडून तिला चहा पाजला असता. मी रात्री विचारलं, का नाही सांगितलंस गं? तर म्हणाली, "त्येची लाज गेली असती."

सत्तरी ओलांडलेली बाई, चैत्रातलं ऊन, पायात झिजलेल्या चपला. डांबरी रस्त्यानं आली ती आली, पण आमच्याकडं यायचं तर चर आडवा. तो लांबून टाळायचा तर ओढा उतरून जावं लागतं, ते तिला झेपणार नव्हतं. ती चरात बसून उतरली आणि पलीकडच्या बाजूनं हातांनी माती धरत वर आली. मी गुढीला कडुलिंबाचा डहाळा बांधत होते. समोर बघते तर आई, अंगभर माती, गुडघा फुटलेला, लुगड्यावर रक्त. मला आधी वाटलं कुणी मारलं. तसं पाहिलं तर मारलंच.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळीकडं झाली. टँकरवाले आले, चाऱ्याचे ट्रकवाले आले, आपली दोन्ही गावची तरणी पोरं आली. "मावशे, तू फकस्त हो म्हन, नाका जाळून टाकतो," असं म्हणत होते आणि खरंच रॉकेलचा डबा घेऊन आले होते. आप्पा, माझ्या तोंडावर 'हो' आला होता. जिभेवर होता. पण मी म्हणाले, "जाळायचा न्हाई. आपला हाय त्यो. आपल्या अंगठ्यांचा हाय. आपली वस्तू आपन का म्हनून जाळावी?" डबा मी ओढून घेतला आणि चुलीमागं ठेवला.

मग मी बीडला सहकार खात्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी सांगितलं, सभासदांपैकी पुरेशांनी मागणी केली तर खास सभा बोलवावीच लागते. मागणीवर सह्या आणि अंगठे झाले आहेत. पहिला अंगठा आईचा. गुडघ्याला हळद लावलेली, पाय लांब करून बसलेली, आणि अंगठा असा दाबला की शाई कागदाच्या पाठीमागं उमटली.

सभा रविवारी, अठ्ठावीस तारखेला, नाक्याजवळच्या शाळेत. ये. आलास तर बरं.

साखरा


माळावरची वस्ती
२८ एप्रिल २०१३

आप्पा,

तू आलास, पण शाळेबाहेर गाडीत बसून राहिलास, काच वर करून. आत आलास तो एकदाच, ओरडलास, आणि गेलास. "ह्या बायांना टोल म्हंजे काय त्ये तरी कळतं का?" हे तुझे शब्द. तू गेल्यावर काय झालं हे तुला कळायलाच हवं, म्हणून आजच लिहिते आहे.

शाळेची खोली पुरली नाही. बायका व्हरांड्यात, पायऱ्यांवर, लिंबाच्या सावलीत. ज्या सभेला येत नाहीत म्हणून तू नावं घातलीस, त्या सगळ्या आल्या. कुणी भाकरी बांधून आणली होती, कुणी लेकरू घेऊन आली होती. सुरुवातीला गड्यांनी आवाज चढवला, नाका बंद करा, रस्ता आपल्या बापाचा आहे. टाळ्या पडल्या. तेवढ्यात सटवा उभा राहिला. तुला तो गाढव वाटतो ना? तो म्हणाला, "बंद करू नगा. रस्ता लई ब्येस झालाय. आदी माजलगावला पोचायला अर्धा दिस जायचा. रस्त्याला पैशे लागत्यात, त्ये घ्या. पन कुनाचे घ्यायचे न कुनाचे न्हाई, हे आपन ठरवू. आनि पैशे कुठं जातात, हे महिन्याला इथं हुभं राहून सांगा." खाली बसताना तो म्हणाला, "आनि छबुबाईला आता माहेर न्हाई, हे मला बी कळलंय." सगळी शाळा हसली. मी पण हसले, आणि हसताना मला तुझी आठवण आली, त्याचाही राग आला.

ठराव असा झाला. नाका चालू राहील. पाण्याचे टँकर आणि चाऱ्याच्या गाड्या दुष्काळ असेपर्यंत फुकट जातील. रिकाम्या टँकरनं तळाचं पाणी नाक्यापाशी बांधायच्या हौदात सोडायचं, म्हणजे कुणाच्या रानातून वाट नको. दांडक्यावाली पोरं बंद, कामावर सभासदांच्या घरची माणसं. ठेकेदाराची रक्कम देऊन जे उरेल ते दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायचं. विरोधात कुणी नव्हतं. दोन ट्रकवाले दाराशी उभं राहून ऐकत होते. त्यातला एक जाता जाता नाक्यावर थांबला आणि वाद न घालता पावती घेऊन गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू हे वर्षभरात जमवू शकला असतास. त्यासाठी एकदा खाली बसून आपल्या माणसांचं ऐकायला हवं होतं, एवढंच.

सभा संपली आणि बायका तशाच उठून चराकडं चालायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. घमेली, फावडी, कुणाच्या हातात नुसती थाळी. दिवस मावळायच्या आत चर बुजवला. संस्थेचं नाव मजूर संस्था आहे, आप्पा. संस्था निघाल्यापासून आम्ही सभासदांनी हातानं केलेलं हे पहिलं काम.

मधली गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली.

तुझ्यावर विश्वास नाही, असाही ठराव आला. तो मी मांडला. सहकार खात्याच्या बाईंनी विचारलं, बाजूनं कोण, हात वर करा. हात वर गेले. मी मोजले नाहीत, मी फक्त आईकडं बघत होते. ती भिंतीला टेकून बसली होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तिनं पदर मागं सारला. मग तिनं हात वर केला. पूर्ण वर, खांद्यातून, आणि बाईंनी "ठराव मंजूर, हात खाली घ्या" म्हणेपर्यंत तसाच ठेवला. जड झाला तसा तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

मला वाटलं मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तुझ्या आईनं तुझ्याविरुद्ध हात वर केला, आप्पा. तू तिला तिथवर आणलंस, ह्याची मला एवढी चीड आहे की ती शब्दात मावत नाही.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, चल घरी, आता माझ्याकडंच राहा. ती म्हणाली, "बीडला जायाला शेवटची यष्टी किती वाजता हाय?" मी म्हणाले, आज? त्याच्याकडं? आज तो तुला दारात उभं करेल का? तिनं चपला घातल्या, दुखरा गुडघा दाबला आणि म्हणाली, "आप्पाला राग आला की त्यो जेवत न्हाई. ल्हानपणापासून तसाच हाय. मी भरवल्याबिगर जेवत न्हाई. त्येच्या बायकूला त्ये जमत न्हाई."

तिला मी आता एस.टी.त बसवून देते आहे. सटवा सोबत आहे, त्याच्या हातानंच हे पत्र पाठवते आहे. रात्री ते तुझ्या दारात पोचतील. माझ्याशी बोलू नकोस, जन्मभर बोलू नकोस, मला चालेल. तिला मात्र काही विचारू नकोस. ती जे ताटात वाढेल ते मुकाट्यानं खा.

साखरा